पब ओस पडले, पेला घरी आला

पोटाच्या आणि यकृताच्या विकारांत ज्याची सारी हयात गेली, अशा डॉक्टरने मद्यालये ओस पडू लागल्याबद्दल लेख लिहायला घ्यावा, हे ऐकून आमच्या घरात बराच हशा पिकला. ‘पेढे वाटायचे सोडून सुतक कसले पाळता?’ असा सौभाग्यवतींचा सवाल. सवाल रास्त आहे. मद्यामुळे जलोदर होऊन फुगलेली पोटे आणि रक्ताच्या उलट्यांनी भरलेली पात्रे ज्याने पाहिली आहेत, त्याने मद्यालयाच्या दाराला कुलूप लागल्याचे दुःख का करावे? तरीही संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘बदलते समाजजीवन’ हा विषय सुचविला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते इंग्लंडमधील पब. आपल्या संघटनेतील कितीतरी सभासदांनी उमेदीची वर्षे त्या देशात काढली आहेत. आज अनेकांची मुले-सुना तेथे नोकरी करतात. त्यांपैकी कोणीही सुट्टीवर आले की बोलता बोलता सांगतात, अमुक कोपऱ्यावरचा पब बंद झाला, तेथे आता सदनिका झाल्या. आकडेही तेच सांगतात. इ. स. २००० मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे साठ हजार पब होते. २०२४ पर्यंत ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले. नाइट क्लबांची गळती तर याहूनही वेगाने झाली.

ज्यांनी तो देश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. पब म्हणजे ‘पब्लिक हाऊस’, सार्वजनिक घर. आपल्याकडील ‘बार’ या शब्दाला जो अंधार आणि जी लाज चिकटलेली आहे, ती तेथे नाही. जिनच्या व्यसनाने अठराव्या शतकातील लंडन इतके पोखरले होते, की १८३० साली ब्रिटिश संसदेने एक कायदा करून दोन गिनी शुल्क भरणाऱ्या कोणाही करदात्या गृहस्थास बिअर गाळण्याचा व विकण्याचा परवाना देऊ केला. जिनपेक्षा बिअर बरी, असा त्यामागचा हिशोब. गल्लोगल्ली पब उघडले ते तेव्हा. आपल्या शास्त्राचा इतिहासही या वास्तूंशी जोडलेला आहे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी पिऊन शेकडो माणसे पटकीने दगावली. त्याच रस्त्यावरील मद्याच्या कारखान्यातील कामगार मात्र बिअरवर राहिल्यामुळे बचावले, हे डॉ. जॉन स्नो यांनी टिपून ठेवले. स्नो आयुष्याचा मोठा काळ मद्यत्यागाचे पुरस्कर्ते होते. आज त्या पंपाच्या जागेलगत त्यांच्या नावाने उभा आहे तो पबच. आणि १९५३ साली डीएनएची रचना उलगडल्याची वार्ता फ्रान्सिस क्रिक यांनी प्रथम बोलून दाखविली, ती केंब्रिजच्या ‘ईगल’ पबात, दुपारच्या जेवणाच्या वेळी.

१९९२ ते १९९७ अशी पाच वर्षे मी वेस्ट मिडलंड्समधील एका औद्योगिक गावात रजिस्ट्रार होतो. रुग्णालयासमोरच एक पब होता. दर शुक्रवारी आमचे युनिट तेथे जमे. मी संत्र्याच्या रसाचा पेला घेऊन बसत असे आणि त्याबद्दल कोणी कधी डिवचले नाही. वॉर्डात ज्या कन्सल्टंटपुढे ब्र काढायची सोय नव्हती, ते येथे परिचारिकेशी आणि पोर्टरशी फुटबॉलवरून वाद घालीत. अकराला दहा मिनिटे कमी असताना गुत्तेदार घंटा वाजवी. शेवटची मागणी त्याच वेळी करायची. मग हातातला पेला संपविण्यास वीस मिनिटे, आणि दिवे मालवले जात. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांनी शुद्धीवर राहावे म्हणून जे वेळेचे निर्बंध आले, त्यांचाच तो अवशेष होता. २००५ च्या नोव्हेंबरात नवा परवाना कायदा लागू झाला आणि त्या घंटेची सक्ती संपली.

पबाचे हे चित्र मी रम्य करून मांडतो आहे असे कोणास वाटू नये. हे ‘सार्वजनिक घर’ सर्वांचे कधीच नव्हते. आमच्या गावापासून फार दूर नसलेल्या स्मेदिकमध्ये साठच्या दशकात पंजाबी कामगारांना पबाच्या चांगल्या दालनात पेला मिळत नसे. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकन कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स मुद्दाम तेथे आले आणि भारतीय कामगार संघटनेचे अवतार सिंग जौहल यांच्यासह ‘ब्लू गेट्स’ नावाच्या पबात गेले. त्यांनाही नकारच मिळाला. पुढे नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. आणि त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास मनाई करणारा पहिला कायदा ब्रिटनमध्ये झाला. काळाचा महिमा असा, की आज त्या परिसरात जे पब टिकून आहेत त्यांतले कितीतरी पंजाबी मालकांचे आहेत. तंदुरी मांसाचे सळसळते ताट आणि त्याच्यासोबत बिअर, गोरा कामगार आणि शीख ट्रकचालक एकाच बाकावर. ‘देसी पब’ हे त्यांचे नाव आता रूढ झाले आहे.

मग माणसे गेली कोठे? प्रत्येक जण आपल्या आवडीचे एक कारण सांगतो आणि उरलेली झाकतो. पबवाले धूम्रपानबंदीला दोष देतात. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ पासून आणि इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंद जागेत सिगारेट ओढणे बेकायदा ठरले. ज्या देशात डॉल आणि हिल यांनी १९५० साली तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला, तेथे हे पाऊल उचलायला अर्धशतक लागले, याचेच मला नवल वाटते. बंदीमुळे काही ग्राहक घटले, हे मान्य. पण गळती त्याआधीच सुरू झाली होती. तिचे एक मूळ १९८९ च्या एका सरकारी आदेशात आहे. मोठ्या मद्य कंपन्यांची पबांवरील मक्तेदारी मोडावी म्हणून प्रत्येकीला दोन हजार पबांच्या मर्यादेचा दंडक घातला गेला. कंपन्यांनी पब विकले, आणि ते विकत घेतले मालमत्तेचा व्यापार करणाऱ्या नव्या कंपन्यांनी, तेही कर्ज काढून. कर्जाचे हप्ते भागायचे ते गुत्तेदाराच्या भाड्यातून. त्यातच बिअरही त्यांच्याकडूनच आणि त्यांच्याच भावाने घ्यायची अट. पबात बसलेला माणूस म्हणजे जागेचा अपव्यय आणि त्याच जागेवर सहा सदनिका म्हणजे नफा, हे गणित एकदा मांडले गेल्यावर पुढचे सांगायला नको. आपल्याकडे जुनी चित्रपटगृहे आणि वाडे ज्या वाटेने गेले तीच ही वाट.

किमतीची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. माझ्या काळी पाइंटभर बिअरला, म्हणजे ५६८ मिलिलिटरला, दीड पौंडाच्या आसपास पडत. आज पाच पौंड सहज लागतात. लंडनमध्ये त्याहून अधिक. २००८ पासून पाच वर्षे बिअरवरील कर दरसाल महागाईच्याही वर चढत ठेवला होता. त्याच काळात सुपरमार्केटांनी मात्र ग्राहक ओढण्यासाठी पाव-लोण्याबरोबर दारूही स्वस्त केली. २०१५ च्या सुमारास बिअरसुद्धा पबापेक्षा दुकानांतून जास्त विकली जाऊ लागली. २० मार्च २०२० च्या रात्री महामारीमुळे देशातील सारे पब बंद झाले आणि ४ जुलैला इंग्लंडमधील उघडले, तोपर्यंत पुष्कळांना घरी बसून पिण्याची सवय लागून गेली होती. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे वीज आणि गॅस भडकल्यावर जे तगून होते त्यांतील अनेकांनी हात टेकले.

तरुणांची बाजू निराळी आहे आणि ती ऐकून आपल्या व्यवसायातील कोणासही आनंदच व्हावा. इंग्लंडमध्ये १६ ते २४ वयोगटात मद्य न घेणाऱ्यांचे प्रमाण २००५ मध्ये १८ टक्के होते, ते २०१५ मध्ये २९ टक्क्यांवर गेले. अमेरिकेतील गॅलप संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत मद्य घेणारे प्रौढ ५४ टक्के निघाले, १९३९ पासूनचा तो नीचांक होता. माझा भाचा लीड्सला शिकतो. त्याला विचारले, तर म्हणाला, ‘‘मामा, भाडे देऊन पैसे उरतात कुठे? आणि कोणी नशेत फोटो काढला तर तो नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पाठलाग करतो.’’ पूर्वी मुलगा-मुलगी भेटावयाची ती नाचाच्या क्लबात. आता ते काम फोन करतो. व्यायामशाळा, मद्यार्करहित बिअर, रात्री उशिरा टॅक्सीला पडणारे पैसे, अशी बारीकसारीक कारणे त्याने भराभर मोजून दाखविली. धार्मिक अथवा नैतिक कारण त्यात एकही नव्हते.

यात वैद्यकशास्त्राचाही वाटा आहे. ‘रोज एक पेग हृदयाला हितकारक’ हा समज आपण डॉक्टरांनीच पसरविला होता. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकारापासून कसे बचावतात, याचे श्रेय वाइनला देणारा लेख १९९२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभरच्या मेजवान्यांत उद्धृत झाला. वास्तविक त्याच्या चार वर्षे आधी, त्याच नियतकालिकात, शेपर यांनी दाखवून दिले होते की न पिणाऱ्यांच्या गटात आजारामुळे दारू सोडलेले बरेच जण मिसळलेले असतात, म्हणून तो गट अशक्त भासतो. ते मात्र कोणी मेजवानीत सांगितले नाही! आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले ते १९८८ सालीच. ब्रिटनने २०१६ मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी आठवड्याला १४ युनिट ही मर्यादा सुचविली आणि २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अशी कोणतीच मात्रा नसल्याचे स्पष्ट केले.

येथवर आल्यावर वाचक म्हणतील, पब मिटले, तरुण पीत नाहीत, मग यकृताचे वॉर्डही रिकामे झाले असतील. नेमके येथेच घोडे पेंड खाते. ब्रिटनमध्ये निव्वळ मद्यामुळे होणारे मृत्यू, ज्यांत यकृताच्या विकाराचा वाटा सर्वांत मोठा, २०१९ साली ७,५६५ होते. २०२० पासून ते दर वर्षी वाढत जाऊन २०२३ साली १०,४७३ झाले. ज्या वर्षी पबांची दारे महिनोन्महिने बंद होती, त्याच वर्षी ही चढण सुरू झाली. आधीच जास्त पिणारे आणखी पिऊ लागले, आणि ते घरी.

घरातल्या पिण्याचे गणित एकदा मांडून पाहावे. पबात स्पिरिट मोजून देण्याचे माप कायद्याने ठरलेले आहे: २५ किंवा ३५ मिलिलिटर. घरी आपला हात हेच माप, आणि पहिल्या पेल्यानंतर तो हात उदार होतो. ७०० मिलिलिटरच्या ४० टक्के तीव्रतेच्या बाटलीत २८ युनिट असतात, म्हणजे एका माणसाची दोन आठवड्यांची मर्यादा. घरी पिणाऱ्या किती जणांची बाटली दोन आठवडे टिकते? झिंगलेल्या माणसाला मद्य विकणे हा तेथे गुन्हा आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाला असा कोणताही कायदा लागू नाही. घरी घंटा वाजत नाही. उठून घरी जायचे असते, ही जाणीवच मोठी वेसण होती. घरीच बसलेल्या माणसाला ती नसते.

१९९६ च्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डात एक सत्तरीचा विधुर दाखल झाला. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव झाला होता. ओतकामाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बोलका माणूस. चाळीस वर्षे रोज संध्याकाळी दोन पाइंट, असा त्याचा नेम. तो काही निर्दोष नव्हे. पण त्याचा पब दोन वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून तो दुकानातून व्हिस्की आणून खिडकीशी बसू लागला होता. आम्ही शिरांना बँड घातले, रक्त दिले. भेटीच्या वेळी त्याच्याकडे कोणीही येत नसे. एकदा मात्र त्या बंद पडलेल्या पबाची मालकीण आली. तिला कसे कळले देव जाणे. ती मला म्हणाली, ‘‘हा माझ्याकडे येत असता, तर तिसऱ्या दिवशीच याचा रंग बघून मी याला तुमच्याकडे पाठवला असता.’’ कावीळ ओळखण्याचे तिचे कौशल्य आमच्या हाउसमनपेक्षा कमी नसावे. तो माणूस मार्चमध्ये गेला.

मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या २०१६ च्या अभ्यासात ठरलेला पब असणाऱ्या लोकांना जिवलग मित्र अधिक आणि समाधानही अधिक, असे आढळले. अभ्यासाला पैसा बिअरप्रेमींच्या संघटनेचा होता, तेव्हा चिमूटभर मीठ लावूनच तो घ्यावा. तथापि एकाकीपणा हा आता कवींचा विषय राहिलेला नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये त्यासाठी मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या जूनमध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांत एक जण एकाकी आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. काही इंग्रजी गावांनी यावर आपल्याला जवळचा वाटेल असा उपाय शोधला: सहकार. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या खेड्यातील ‘ओल्ड क्राउन’ हा पब २००३ साली गावकऱ्यांनी भाग विकत घेऊन चालवायला घेतला. पुढे २०११ च्या कायद्याने पब विकायला निघाल्यास बोली लावण्यासाठी गावाला मुदत मिळू लागली. असे कित्येक पब आज टपाल, वाचनालय आणि कॉफी असा संसार एका छपराखाली मांडून आहेत.

आणि आपला गोवा? येथे दारू स्वस्त आणि मुबलक, त्यामुळे पर्यटकांच्या पट्ट्यातील क्लबांच्या झगमगाटावरून साऱ्या गोव्याचा अंदाज बांधला जातो. खेड्यातले जुने तावेर्न मात्र मिटत चालले आहे. एक खोली, दोन बाकडी, काजूच्या फेणीची बरणी, उन्हाळ्यात हुर्राक, वर लिंबू आणि मीठ. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती उंची बाटल्यांतून विमानतळावर जाऊन बसली. पण गावातले बाकडे रिकामेच राहिले. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले. मालकांची मुले पोर्तुगीज पारपत्र घेऊन स्विंडनला गेली आणि, गंमत पाहा, तेथील मावळत्या पबांची गिऱ्हाइके झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने महामार्गालगतची मद्यविक्री एप्रिल २०१७ पासून काही काळ बंद झाली, तिचाही धक्का बसला. २०१९ नंतर मद्य घेऊन वाहन चालविण्याला दहा हजारांचा दंड झाला. तो योग्यच आहे. अपघात विभागात रात्रपाळी केलेला कोणीही त्याविरुद्ध बोलणार नाही. परिणाम असा, की आमच्या फोंडा तालुक्यातील मध्यमवर्गीय गृहस्थ, जो पूर्वी चोरून तावेर्नात जाई, तो आता राजरोसपणे बाटली घरी आणतो. ‘निदान घरी तरी असतो’, असे त्याची पत्नी मला सांगते, आणि ते सांगताना माझ्याकडे पाहत नाही.

आपल्याकडे बसण्याच्या जागा केवळ मद्याच्या कधीच नव्हत्या. देवळाची अग्रशाळा, सोपा, भजनी मंडळ, नाटकाच्या तालमी, भाजी-पावाचे हॉटेल. त्यांचीही स्थिती बरी म्हणता येणार नाही. आपल्या संघटनेच्याच मासिक सभा घ्या. २०२० मध्ये त्या पडद्यावर गेल्या, आणि परत सभागृहात आल्या तेव्हा खुर्च्या निम्म्या भरल्या. जेवणाच्या ताटावरच्या ज्या गप्पांत एखादा सहकारी मोडत चालला आहे हे ध्यानी येई, त्या गप्पा पडद्यावर होत नाहीत. डॉक्टर रुग्ण म्हणून माझ्यासमोर आलेले आहेत, त्यांच्याविषयी अधिक लिहिणे उचित नाही. ते सर्व जण रात्री, एकटे आणि घरी पीत होते, एवढे नोंदवितो.

मद्याचा इतिहास घेताना आपण ‘केज’चे चार प्रश्न विचारतो, किंवा वेळ असेल तर ‘ऑडिट’चे दहा. किती, किती वेळा, सकाळी उठल्यावर लागते का, हे सर्व त्यांत आहे. कोठे आणि कोणाबरोबर, हे मात्र त्यांत कोठेच नाही. महामारीनंतर मी हे दोन प्रश्न केसपेपरवर स्वतःच्या हाताने जोडतो. गेल्या वर्षी एक निवृत्त बँक अधिकारी आले होते. यकृताला सूज, गॅमा जीटी साडेतीनशे. ‘‘कोणाबरोबर घेता?’’ असे विचारताच बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘बातम्यांबरोबर, डॉक्टर.’’ त्यांना थायमिन दिले, पुढील तपासण्या लिहिल्या, आणि संध्याकाळी सात ते नऊ कोठे जाता येईल याची चर्चा औषधांपेक्षा जास्त वेळ केली. हल्ली ते गावच्या वाचनालयात जातात. तेथे चार निवृत्त शिक्षक वर्तमानपत्राच्या निमित्ताने भांडायला जमतात. तीन महिन्यांनी गॅमा जीटी एकशे दहावर आले. पूर्ण सुटली का, असे विचाराल, तर नाही. आठवड्यातून दोनदा अजून घेतात, आणि किती घेतली ते आता न विचारता सांगतात.